मुक्कामाची जागा

वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीचे बेत ठरू लागले की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. या वेळी तो नागपूरच्या एका भगिनींनी विचारला आहे. दोन लहान मुले, सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि तीन वर्षांचा कुत्रा असा परिवार घेऊन त्यांना दरेकसा परिसरात दोन रात्री तंबूत राहायचे आहे. जागा कशी निवडावी, असे त्या विचारतात.

प्रदेश त्यांनी उत्तम निवडला आहे. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी गाडी सालेकसा सोडते आणि सपाट धानशेती मागे टाकून डोंगरात शिरते. दरेकसा स्थानक, जवळचा बोगदा, हाजरा धबधबा आणि अलीकडे-पलीकडे पसरलेले जंगल पाहिले की हा आपलाच जिल्हा आहे यावर क्षणभर विश्वास बसत नाही. पावसाळा सरता सरता धबधब्याला पाणी असते आणि हवेत गारवा येऊ लागलेला असतो. मात्र नेमक्या याच दिवसांत हलका धान कापणीला येतो, धानामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. माझ्या परिचयाचे एक कुटुंब याच भागात नाल्याकाठच्या एका कोरड्या बांधीत तंबू ठोकून राहिले होते. जमीन गार लागू नये म्हणून त्यांनी गावातून तणस आणून अंथरले. तंबूत उकडते म्हणून नऊ वर्षांची मुलगी बाहेर तणसावरच झोपली. मध्यरात्री त्यांचा कुत्रा सारखा भुंकू लागला, तेव्हा वडिलांनी त्याला दटावून दूर बांधले. तो कशाला भुंकला, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

पहाटे साडेपाचला मला फोन आला. मुलीचे पोट दुखते आहे, एकदा उलटी झाली आहे. आदल्या रात्री बाहेरचे खाणे झाले होते का, एवढेच मी विचारले, झाले होते. मी आम्लपित्तावरचे औषध सांगितले आणि फोन ठेवला. मुलगी रात्री कुठे झोपली होती, हा प्रश्न मी विचारला नाही. पाऊण तासाने पुन्हा फोन आला: तिला डोळे उघडता येत नाहीत, झोप येते म्हणते. तेव्हा मला उमगले. अंगावर सूज नव्हती, रक्त नव्हते, दाताची खूणही शोधून सापडली नाही. तो मण्यार होता. प्रतिसर्पविष मिळाले, पण श्वसनाचे स्नायू दुबळे झाले होते आणि तिला चार दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. ती वाचली, आज बारावीत आहे. तो पाऊण तास मात्र माझ्या हिशेबी अजून जमा आहे.

मण्यार रात्री हिंडतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो. त्याचे दात बारीक असल्याने दंश पुष्कळदा जाणवतही नाही. पहाटेची पोटदुखी, उलटी, जड झालेल्या पापण्या, गिळताना होणारा त्रास यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय करीत बसू नये. जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. हातपाय हलू न देता रुग्णालय गाठावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

म्हणून भगिनी, जागा पाहायला दिवसाउजेडी जावे. बांधी आणि तिचे धुरे टाळावेत, कारण धुऱ्यांत उंदरांची बिळे असतात. वारूळ, दगडांची रास, लाकडांचा ढीग यांच्याजवळ तंबू नको. गवत कापलेली, थोडी उंच, निचरा होणारी मोकळी जागा हवी. तंबूचा तळ भिंतींना शिवलेला असावा आणि चेन पूर्ण बंद होणारी असावी. उकडले तर जाळीची खिडकी उघडावी, दार नव्हे. तळ शिवलेला नसेल तर खाट आणि गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी हवीच. नेपाळच्या तराईतील अभ्यासातही मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचे दिसून आले. तणस मात्र कितीही मऊ लागले तरी अंथरू नये.

नाल्याकाठची कोरडी वाळू मुलांना फार आवडते. तिथे दिवसा खेळू द्यावे, मुक्काम करू नये. वर डोंगरात पाऊस झाला तर खाली आभाळ निरभ्र असतानाही पाणी चढते. धबधब्याखालच्या डोहात पोहण्याचा मोह मोठ्यांनीच आधी आवरावा. पिण्याचे पाणी झऱ्याचे कितीही स्वच्छ दिसो, उकळूनच प्यावे. आणि जागेवरून मोबाइल लागतो का, हे उजेडातच पाहून ठेवावे.

आता कुत्र्याविषयी. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात त्याला नेता येणार नाही. इतरत्रही वनविभागाला किंवा जागा सांभाळणाऱ्या समितीला निघण्यापूर्वीच विचारावे. फाटकावर पोचल्यावर वाद नको. हा नियम जाचक वाटतो खरा, पण कुत्र्यांचे आजार वन्यप्राण्यांना जडतात आणि बिबट्याला कुत्रा हे सोपे भक्ष्य वाटते. त्यामुळे रात्री त्याला बाहेर खुंटीला बांधणे म्हणजे बिबट्याला आमंत्रणच. त्याची जागा तंबूच्या आत किंवा बंद गाडीपेक्षा हवेशीर खोलीत. दिवसा साखळी सोडू नये. रेबीजची लस वेळेत झालेली असावी आणि तिचा दाखला सोबत असावा. गोचीड-प्रतिबंधक औषध पशुवैद्यांना विचारून आधीच लावावे. घरी मांजर असेल तर तेही त्यांना सांगावे, कारण परमेथ्रिन असलेले औषध मांजराला घातक ठरते. आपला कुत्रा गावच्या कुत्र्यांशी भांडला आणि सोडवताना आपल्याला ओरखडा आला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी.

सासूबाईंचा विचार वेगळा. रात्री दोनदा उठावे लागणाऱ्या व्यक्तीला वाकून तंबूतून बाहेर पडणे कठीण, अंधारात चालणे त्याहून कठीण. त्यांच्यासाठी पक्की खोली घ्यावी, किंवा परवडत असेल तर शौचालय असलेली कॅराव्हॅन. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून ही कल्पना आपल्याकडे ओळखीची होऊ लागली आहे. मात्र गाडी उभी करायला सपाट, टणक जमीन आहे का आणि घाटातला रस्ता तेवढा रुंद आहे का, हे आधी पाहावे. थंडी वाजते म्हणून तंबूत वा गाडीत कोळशाची शेगडी कदापि ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस जागाच होत नाही.

एक सूचना जाता जाता. माघ पौर्णिमेच्या सुमारास कचारगडच्या गुहांकडे अनेक राज्यांतून गोंड बांधव सहकुटुंब येतात. ती त्यांची श्रद्धेची यात्रा आहे. त्या दिवसांत तिथे सहलीचा तंबू आणि कुत्रा घेऊन जाऊ नये.

परतल्यावरही महिनाभर लक्ष असू द्यावे. सालेकसा-देवरीच्या जंगलपट्ट्यात फॅल्सिपेरम मलेरिया आहे आणि त्याचा ताप बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांनी, आपण सहल विसरल्यावर येतो. स्क्रब टायफसही आहेच. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भाने त्याची साथ पाहिली. गवतातल्या बारीक माइटच्या अळीच्या चाव्याने तो होतो आणि काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली कधी कधी काळी खपली दिसते. डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे, की आम्ही दोन रात्री जंगलात राहिलो होतो.