एक जूनची पोरं आणि मोठ्यांचं कोर्ट

सतरा वर्षांच्या पोराच्या हातून खून किंवा बलात्कार झाल्याची बातमी आली की एसटी स्टँडवर आणि आसनगाव लोकलमध्ये एकच सवाल ऐकू येतो: "करताना लहान नव्हता, मग शिक्षेलाच कसा लहान?" सवाल रास्त आहे. संताप त्याहून रास्त आहे. पण याच संतापावर स्वार होऊन आता वयाची अट थेट १४ वर आणण्याची मागणी राज्यात उघडपणे होते आहे. शहापूर-मुरबाडच्या नागरिकांनो, त्या मागणीला मान डोलावण्यापूर्वी एवढे मुद्दे वाचा.

१. बहुतेकांना वाटतं की अठराच्या आतल्याला कायदा हातच लावत नाही. हे खोटं आहे. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर वय कमी करण्याची मागणी उसळली. न्या. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये ती नाकारली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही वयाला हात लावला नाही. तरी संसदेने डिसेंबर २०१५ मध्ये नवा बाल न्याय कायदा केला. १५ जानेवारी २०१६ पासून, १६ ते १८ वयाच्या मुलावर 'निर्घृण' गुन्ह्याचा आरोप असेल तर बाल न्याय मंडळ प्राथमिक चाचणी करून त्याला प्रौढाप्रमाणे खटल्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. म्हणजे दार उघडं आहेच. त्यातून कोण आत ढकललं जातं, हे विचारायला मात्र कुणी तयार नाही.

२. पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ च्या पहाटे काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. महागडी पोर्श गाडी, सतरा वर्षांचा मुलगा, दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू, काही तासांत जामीन आणि तीनशे शब्दांचा निबंध. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचं प्रकरण. या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवावा, ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. कारण काय? ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा लिहिलेली आहे, तोच 'निर्घृण'. या मुलावर आरोप होता सदोष मनुष्यवधाचा, आणि तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत त्याला कमाल शिक्षा जबर होती, किमान शिक्षा लिहिलेलीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये हाच अर्थ लावला होता, आणि गंमत बघा, तो खटलाही दिल्लीतल्या एका मर्सिडीजचाच होता! आता आपल्या पाड्यावर या. कातकरी-ठाकरांची पोरं लवकर संसाराला लागतात. ते थांबलं पाहिजे, यात वाद नाही. समजा, सतरा वर्षांचा पोरगा आणि त्याच्याच वयाची पोरगी पळून जाऊन राहिली. पोरगी गरोदर राहून सरकारी दवाखान्यात आली की पोलिसांना कळवणं डॉक्टरला बंधनकारक. मग पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरोधातला कायदा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात किमान शिक्षा दहा वर्षं, पोरगी सोळाच्या आतली किंवा गरोदर असेल तर वीस. झाला 'निर्घृण' गुन्हा! ज्याच्या गाडीखाली दोन जीव गेले त्याच्यासाठी दार बंद, आणि पळून जाऊन चूल मांडणाऱ्यासाठी ते सताड उघडं. वय १४ वर आणलंत तर या दारातून पहिला कोण जाईल, ते तुम्हीच सांगा.

३. आणि हे वय मोजायचं कशावर? कायद्यानुसार आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायतीची वा नगरपालिकेची जन्मनोंद, दोन्ही नसतील तर हाडांची तपासणी. आपल्याकडे शाळेचा दाखला म्हणजे काय, हे गुरुजींना विचारा. पोर घरी जन्मलं, नोंद झाली नाही, आईबाप वीटभट्टीवर. पटावर नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने वर्ष धरलं आणि तारीख टाकली १ जून. अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी. जे शाळेतच गेलं नाही, त्याची हाडं एक्स-रेवर बघायची, आणि त्या अंदाजात दोन वर्षं इकडची तिकडे होतात. खटला कुठे चालायचा, याची रेषा सोळा आणि अठरा या दोनच आकड्यांवर उभी आहे. गुरुजींच्या अंदाजावर माणसाचं उभं आयुष्य ठरवणारा कायदा आणखी कडक करा म्हणणं, हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे.

४. प्राथमिक चाचणी तीन महिन्यांत पुरी करायची असते. मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज, गुन्हा घडला ती परिस्थिती हे सगळं तपासायचं, आणि तेही गुन्हा सिद्ध होण्याआधी. मंडळावर बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये बजावलं. पुण्यातला बाप बड्या वकिलांची फौज उभी करतो. टोकावड्याचा किंवा डोळखांबचा बाप काय करणार? पोराला भिवंडीच्या निरीक्षणगृहात भेटायचं तर दिवसाची मजुरी बुडवून दोन-तीन गाड्या बदलायच्या. ठाकरी बोलीत उत्तरं देणाऱ्या, साहेबासमोर मान खाली घालणाऱ्या पोराला 'समज' होती की नव्हती, हे कोण वाचणार? एकदा प्रौढ ठरून दोषी ठरला की इतर मुलांना मिळणारं संरक्षण जातं, ठपका पुसला जात नाही आणि सरकारी नोकरीची आशा तिथेच संपते.

५. "मग पीडितेचं काय?" हा सवाल टाळणाऱ्याला या विषयावर बोलण्याचा हक्क नाही. तीन वर्षांत पोरगा सुटून त्याच गावात येतो, तेव्हा तिच्या आईने काय करायचं? माझं उत्तर असं: तिला हवा आहे लवकर लागणारा निकाल, पीडितांना मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचे वेळेवर मिळणारे पैसे आणि तो परत आल्यावर त्याच्यावर नजर ठेवणारा परिविक्षा अधिकारी. प्रौढ की बालक हा वाद मंडळापासून वरच्या कोर्टापर्यंत चालू राहिला, तर तेवढा काळ तीही लटकते. सुधारगृहात ती तीन वर्षं नुसती मोजली जात असतील, तर तो सरकारचा गुन्हा आहे. त्याची भरपाई वय कमी करून होत नाही.

६. मोठ्यांचं कोर्ट मोठ्यांसाठी कधी वापरणार? याच कायद्यात मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मुलाला बेकायदा कामाला जुंपणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत कैद आहे. गावठीच्या गुत्त्यावर पंधरा वर्षांच्या पोराला ग्लास भरून देणारा आपल्या तालुक्यात या कलमाखाली आत गेलेला तुम्ही पाहिलाय? मी तर पाहिलेला नाही.

७. येत्या ग्रामसभेत उभे राहा आणि तीन गोष्टी विचारा. गाव बाल संरक्षण समिती कागदावर आहे की खरोखर बसते? पोलीस ठाण्यातला बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण, आणि तो पाड्यावर शेवटचा कधी आला? या वर्षी भट्टीवर जन्मलेल्या पोरांच्या नोंदी कुणी केल्या? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या, ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सही घ्या आणि प्रत तहसीलदारांकडे द्या.