भोक सरळ का पडत नाही?

आमचे नाहूर भांडुप आणि मुलुंड यांच्या मधले. इथे रेल्वे स्थानक झाले 2006 साली. पण पत्रा कापण्याचा आणि लोखंड घासण्याचा आवाज त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. घरच्याच पुढच्या खोलीत यंत्र मांडून हलालची रोजी कमावणारी कुटुंबे आजही या पट्ट्यात आहेत. गेल्या महिन्यात मगरिबनंतर अशाच एका घरी जाणे झाले. मुलगा आमच्याकडे नववीत शिकतो. टेबलावर लहानसे ड्रिल मशीन, भिंतीशी खिडकीच्या जाळ्या आणि एका डब्यात मोडलेली बिटे.

चहा ठेवता ठेवता त्याचे अब्बा म्हणाले, "सर, याचा हातच खराब आहे. आठवड्यात चार बिटे मोडली. याच्याकडून हे काम व्हायचे नाही." मुलगा मान खाली घालून उभा होता.

आमचे मरहूम वडील कारखान्यात टर्नर होते, त्यामुळे डबा पाहण्याची सवय आम्हाला लहानपणापासून. सगळी बिटे तीन मिलिमीटरची, नेहमीच्या लांबीची. काम होते स्टेनलेस स्टीलच्या पाच मिलिमीटर जाड पट्टीला भोके पाडण्याचे. आम्ही म्हटले, "भाईजान, हाताचा निकाल नंतर लावू. आधी बिटाची लांबी बघू."

दुकानात नुसते 'ड्रिल बिट द्या' म्हटले की मिळते ते जॉबर बिट. तीन मिलिमीटरचे जॉबर एकूण 61 मिलिमीटर लांब असते आणि त्यातला पीळ 33 मिलिमीटर. याच जाडीचे आखूड बिट, ज्याला स्टब म्हणतात, ते 46 मिलिमीटरचे असते आणि पीळ फक्त 16. सहा मिलिमीटरमध्ये जॉबर 93 आणि स्टब 66. जर्मन मापांच्या भाषेत पहिले डीआयएन 338 आणि दुसरे डीआयएन 1897. पाकिटावर हा आकडा असला तर विचारायचीही गरज नाही.

एवढ्याशा फरकाने काय होते? एका टोकाला घट्ट धरलेली काठी दुसऱ्या टोकाला दाबून पाहा. काठी निम्मी केली तर तेवढ्याच जोराला ती निम्मी नव्हे, एक-अष्टमांशच वाकते. बिटाचेही तसेच. लांब बिट पट्टीला टेकताच टोक सरकते, बिट वाकते आणि तिरके आत शिरते. भोक आरपार होताना धार कडेला अडकते आणि तट्‌कन तुटते. दोष दिला जातो हाताला. लांब बिट चकमध्ये आणखी आत ढकलून भागत नाही, कारण चकची पकड गुळगुळीत दांड्यावर हवी, पिळावर नको.

मग सगळीच बिटे आखूड घ्यावीत का? नाही. पिळाच्या लांबीतून जाडीची दीडपट वजा करा; उरेल तेवढ्याच खोलीचे भोक त्या बिटाने पाडावे, नाहीतर कीस बाहेर यायला वाट राहत नाही. सहा मिलिमीटरच्या स्टबचा पीळ 28, म्हणजे भोक साधारण 19 मिलिमीटरपर्यंत. पट्टी, अँगल, पत्रा यांना हे पुरून उरते. जाड ठोकळा असेल किंवा अँगलच्या आतल्या कोपऱ्यात चक अडत असेल, तर जॉबर लागणारच.

घरच्या कामाला 3, 3.3, 4, 5 आणि 6 मिलिमीटरची स्टब बिटे आधी घ्यावीत, 3.3 हे 3.2 च्या रिव्हेटसाठी. साध्या लोखंडाला एचएसएस पुरते. स्टेनलेसला पाच टक्के कोबाल्टचे, 135 अंशांच्या टोकाचे घ्यावे. नाहूरहून धीमी लोकल पकडून मस्जिदला उतरले की नागदेवी स्ट्रीट पायी गाठता येते; हत्यारांच्या त्या बाजारात 'स्टब' म्हणूनच मागावे.

बिट बदलले तरी वेग चुकला तर व्यर्थ. साध्या लोखंडासाठी 8000 ला बिटाच्या जाडीने भागावे. येतील तेवढे फेरे मिनिटाला. स्टेनलेसला त्याच्याही निम्म्याहून कमी. या घरी पट्टा सर्वांत वरच्या वेगावर होता! स्टेनलेसवर बिट नुसते घासत राहिले तर धातू आणखी कडक होतो, म्हणून वेग कमी, दाब ठाम आणि तेलाचे थेंब. आधी पंच मारावा, पट्टी व्हाइसमध्ये आवळावी. डोळ्यांवर चष्मा हवा. हातमोजे, सैल बाही आणि ओढणी फिरत्या बिटापासून लांब.

डब्यातली मोडकी बिटेही फेकू नयेत. उधळपट्टी आपल्याला मना आहे. ग्राइंडरवर पुन्हा टोक काढले की तीच आखूड बिटे होतात. मात्र दांड्याकडे बिटाचा गाभा जाड होत जातो, म्हणून टोकाजवळचा गाभा थोडा घासून पातळ करावा, नाहीतर ते धातूत शिरत नाही.

हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांच्यासाठी लोखंड मऊ केले गेले, हे आपण मुलांना सांगतो. त्याच ठिकाणी, सूरह सबामध्ये, चिलखताच्या कड्यांचे माप नीट राखण्याची आज्ञाही आहे. ती सांगायची मात्र राहून जाते.

मुलाच्या अब्बांना हे सांगताना आम्हाला आमचीच प्रगतिपुस्तके आठवली. 'लक्ष देत नाही' असा शेरा आम्ही एका मुलीबद्दल वर्षभर लिहिला होता. तिला फळाच दिसत नव्हता, हे चष्मा लागल्यावर कळले.

पुढच्या जुम्याला त्या घरी पुन्हा गेलो. नवे स्टब बिट चकमध्ये होते, पट्टा खाली उतरवलेला होता. मुलाने एका पट्टीला सहा भोके पाडली. अब्बांनी ती उजेडाकडे धरून पाहिली, शाबासकी दिली नाही. पट्टी परत देत एवढेच म्हणाले, "उद्या शाळेतून आलास की रेलिंगचे ब्रॅकेट तूच घे."