विमानातून आलेलं टेबल

गेल्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्राच्या बैठकीत एका टेबलावरून पाऊण तास वाद झाला. टेबल केंद्राचं नव्हतं. ते अमेरिकेत होतं, एका भाड्याच्या फ्लॅटच्या खिडकीपाशी. त्याची मालकीण फोनवरून विचारत होती, की ते विमानाने आणण्यापुरते पैसे आपल्या आपत्कालीन निधीतून मिळतील का. तिचं नाव लिहीत नाही. आमच्याच तालुक्यातली मुलगी, लग्न करून नवऱ्याच्या व्हिसावर तिकडे गेलेली. आठ वर्षं संसार केला. त्यात काय काय सोसलं ते या अंकाच्या वाचक मैत्रिणींना नव्याने सांगायला नको. आता पाच वर्षांच्या मुलीला घेऊन ती कायमची परत येत होती. मुलीला आणायला नवऱ्याची लेखी संमती मिळवण्यात चार महिने गेले, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तिकीट स्वस्तातलं होतं. त्यावर माणशी एकच नग, तेवीस किलोंचा. म्हणजे मायलेकींचे मिळून दोन. टेबल तिसरा नग, त्याचे जादा दीडशे डॉलर. आपल्या पैशात बारा-तेरा हजार.

“तेवढ्यात इथे दोन टेबलं येतील,” असं बैठकीत म्हणणारी मीच होते. निधी कशासाठी आहे? मध्यरात्री घराबाहेर काढलेल्या बाईच्या रिक्षाभाड्यासाठी, दवाखान्यासाठी, कोर्टाच्या कागदांसाठी. लाकूडसामानाच्या भाड्यासाठी नाही. एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या, “अगं, ती मागतेय तर काहीतरी कारण असेल, आधी विचार तरी.” पण मला सात वाजता दुसऱ्या वस्तीत जायचं होतं, हात वर झाले, ठराव नामंजूर झाला. कळवायचं काम माझ्याकडे आलं. फोनवर ती रागावली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, “ताई, या घरातल्या एकाच वस्तूची पावती माझ्या नावाची आहे.”

हे वाक्य मला झोपू देईना, म्हणून हा लेख.

नोकरदार नवऱ्याबरोबर त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर गेलेल्या बायकांना अमेरिकेत काम करून पैसे कमावायची परवानगी नव्हती. २०१५ च्या मे महिन्यापासून त्यातल्या काहींना मिळू लागली, तीही नवऱ्याच्या ग्रीनकार्डाचं प्रकरण एका ठराविक टप्प्यावर पोचलं असेल तर. म्हणजे बाईने हात हलवावा की नाही, हे पुन्हा नवऱ्याच्या कागदावर. तिला ती परवानगी लग्नानंतर चार वर्षांनी मिळाली. घरी बसून एका दुकानाचे हिशेब लिहायचं काम तिनं धरलं आणि पहिल्या पगारात हे टेबल घेतलं. फार भारी नव्हे, दाबलेल्या भुशाच्या फळीचं, पाय स्क्रूने काढता-घालता येणारं. घरातला सोफा, पलंग, टीव्ही, गाडी सगळं नवऱ्याच्या कार्डावर. परत जायची भाषा सुरू झाल्यावर नवऱ्याने सांगितलं होतं, “कपडे घे आणि जा, इथलं सगळं माझं आहे.” सगळं त्याचं नव्हतं. चार पाय आणि एक फळी तिची होती.

आपण कार्यकर्त्या बायका सासरी सामान आणायला किती वेळा गेलो असू! सोबत एखादा हवालदार, माहेरचा एखादा भाऊ, गल्लीच्या तोंडाशी उभा टेम्पो. पंचनामा करायचा, एकेक वस्तू बाहेर काढायची. भांड्यांच्या बाबतीत त्यातल्या त्यात बरं असतं, कारण आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत. पातेल्यावर मामाचं नाव आणि ‘सप्रेम भेट’ कोरलेलं असलं की सासूबाईंना बोलायला जागा उरत नाही. (बाईचं स्वतःचं नाव मात्र त्या भांड्यांवर क्वचित असतं. मामाचं, आत्याच्या यजमानांचं, नाहीतर ज्याच्या घरातून भांडी बाहेर काढतोय त्याचंच.) कपाटावर, पलंगावर कुणी नाव कोरत नाही. तिथे भांडण लागतं. तरी टेम्पोला किलोची मर्यादा नसते. कपाट आडवं घालून, वर गादी टाकून, दोरीने आवळून आपण निघतो. विमानाने परतणाऱ्या बाईच्या आठ वर्षांच्या हक्काचं माप मात्र विमान कंपनीचा काटा ठरवतो.

दागिन्यांबद्दल आपण पहिल्या भेटीतच विचारतो. किती तोळे, कुणाकडे, लॉकर कुणाच्या नावावर. टेबलखुर्चीबद्दल आपण विचारत नाही. मीही नाही विचारत. अर्जात ‘स्त्रीधन’ या शब्दापुढे आपला हात आपोआप सोनं लिहितो. कायदा आपल्यापेक्षा मोठ्या मनाचा आहे. १९८५ साली प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की स्त्रीधनावर पूर्ण मालकी बाईचीच, सासरच्यांकडे ते फक्त विश्वासाने ठेवलेलं, आणि परत न देणं हा फौजदारी गुन्हा होऊ शकतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात कलम १९(८) खाली मॅजिस्ट्रेट स्त्रीधन परत करायला सांगू शकतात, आणि नुसतं स्त्रीधनच नव्हे, तिचा हक्क असलेली इतर मालमत्ताही. ‘इतर मालमत्ता’ या शब्दांत टेबल बसतं. हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ साली नियम झाले, लग्नात मिळालेल्या भेटींची यादी करून त्यावर वधूवरांनी सह्या करायच्या. अशी यादी केलेलं लग्न माझ्या दहा वर्षांच्या कामात मी एकही पाहिलं नाही. आहेराची वही असते, पण ती उलट आहेर किती करायचा त्यासाठी.

पण अमेरिकेतल्या फ्लॅटमधलं टेबल इथल्या मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने कसं येणार? नवरा तिथे, वस्तू तिथे, बाई इथे. छळाची तक्रार ती आता माहेरच्या गावी करू शकते, २०१९ च्या रुपाली देवी खटल्याने तेवढं सोपं केलं. वस्तूचं मात्र असं आहे, की निघताना हातात आली ती आली. म्हणून परदेशातून निघणाऱ्या बाईशी आपण फोनवर जे बोलतो ते मला बदलावंसं वाटतं. आपण सांगतो, पासपोर्ट घे, मुलांचे दाखले घे, बाकी सोड. मारहाण चालू असेल, रात्रीतून निघायचं असेल, तर हेच बरोबर आहे आणि यावर दुमत नको. पण जिला महिना-दोन महिने मिळतात, तिलाही आपण ‘बाकी सोड’ म्हणतो. तिचा नवराही तेच म्हणत असतो.

तिनं काय केलं ते सांगते. आमच्याकडून नकार गेल्यावर तिनं आपल्या दोन नगांपैकी एक टेबलाला दिला. सगळे कपडे, साड्या, मुलीची खेळणी, स्वैपाकघरातलं तिनं हौसेने जमवलेलं, यातून जेवढं दुसऱ्या तेवीस किलोंत बसलं तेवढं घेतलं, उरलेलं शेजारणींना वाटून टाकलं. लग्नातला शालूही त्यात गेला. हे तिनं मला नंतर सहज बोलताना सांगितलं, आणि मी चहाच्या कपात बघत बसले.

बांधाबांध तिनं विचारपूर्वक केली होती, दुसऱ्या कुणीला उपयोगी पडेल म्हणून लिहिते. नगाची लांबी, रुंदी, उंची मिळून बहुतेक कंपन्या १५८ सेंटिमीटरपर्यंत चालवून घेतात. तिच्या फळीचं माप ७५ बाय ५०. पाय सुटे करून फळीवर आडवे ठेवले आणि खोकं बारा सेंटिमीटर जाडीचं झालं, बेरीज १३७. वजन सतरा किलो. उरलेल्या सहा किलोंत मुलीची गोधडी आणि स्वेटर, तेच पायांच्या मधल्या फटीत भरले, म्हणजे वेगळं वेष्टण लागलं नाही. कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या दुहेरी घड्या. सगळे स्क्रू एका पिशवीत घालून ती पिशवी फळीच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीने घट्ट लावली. खोकं बंद करण्याआधी फोटो, वजनकाट्यावर ठेवून फोटो, पावतीची एक प्रत खोक्यात आणि मूळ पावती पर्समध्ये. एक नग ३२ किलोंच्या वर गेला तर सहसा पैसे भरूनही घेत नाहीत. तो नियम सामान उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीसाठी आहे, तेव्हा त्यावर तक्रार नको.

काउंटरवर तिला एका चिठ्ठीवर सही करायला सांगितलं. ‘पॅकिंगची जबाबदारी प्रवाशाची’ अशा अर्थाचा मजकूर होता. मागे रांग, कडेवर पेंगुळलेली मुलगी, अशा वेळी माणूस न वाचता सही करतो. तिनं वाचून केली. सामान फुटून आलं तर मॉन्ट्रियल करारानुसार सात दिवसांत लेखी तक्रार करावी लागते, उशिरा आलं तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत. भारत या करारात २००९ साली सामील झाला. हे सात दिवस लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण घर सोडून आलेली बाई पहिला आठवडा झोपते, रडते, नातेवाइकांना तोंड देते. खोकं उघडायला तिला पंधरा दिवस लागतात.

मुंबईला कस्टममध्ये तिला अडवलं. चपटं खोकं म्हणजे टीव्ही, असा त्यांचा पक्का समज. २०१३ च्या ऑगस्टमध्ये चपट्या पडद्याचे टीव्ही शुल्कमाफीतून काढले तेव्हापासून अशा खोक्यांवर त्यांचा डोळा असतो. खोकं फोडलं. आतून टेबलाचे पाय आणि गोधडी निघाल्यावर अधिकारी म्हणाला, “मॅडम, टेबल कशाला आणलं? इकडे मिळत नाही का?” माझाच प्रश्न, माझ्याच शब्दांत. या कस्टमबद्दल जाता जाता एक सांगते. २०१६ च्या सामान नियमांत परदेशात वर्षाहून अधिक राहून परतणाऱ्या बाईला चाळीस ग्रॅमपर्यंत दागिने शुल्काशिवाय आणता येत होते, पुरुषाला वीस. बाईचं धन म्हणजे अंगावरचं सोनं, ही समजूत सरकारी नियमातही अशी उतरलेली. कायमचं परतणाऱ्यांसाठी घरसामानाची वेगळी सवलत असते, किती वर्षं राहिलात त्यावर ठरणारी. या रकमा आणि अटी बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधी चालू नियम विचारून घ्यावा आणि मुक्कामाचे पुरावे हाताशी ठेवावेत.

टेबल गावी पोचलं. खरी अडचण तिथून सुरू झाली, आणि ती मला आधी दिसायला हवी होती. माहेरी दोन खोल्या. भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं, आई. वहिनी वाईट नाही, तिनंच पहिल्या दिवशी नणंदेच्या लेकीला न्हाऊ-माखू घातलं. पण टेबल कुठे ठेवायचं? दिवाणाच्या बाजूला ठेवलं तर दार उघडेना. गॅलरीत ठेवलं तर पावसाने फुगलं असतं, भुशाच्या फळीला पाणी चालत नाही. चार दिवसांनी भावाने पाय काढून फळी दाराच्या मागे उभी केली आणि पाय माळ्यावर टाकले. तोही वाईट हेतूने नव्हे. १९९४ साली आपल्या राज्यात आणि २००५ साली देशभर मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हिस्सा मिळाला. या मुलीचा त्या दोन खोल्यांत हिस्सा आहेच, कागदावर. तो मागितला तर राहतं छप्परही जाईल, हे तिलाही कळतं आणि भावालाही, म्हणून कुणी तो विषय काढत नाही.

मग ती केंद्रावर आली आणि विचारलं, टेबल इथे ठेवू का, इथेच बसून हिशेबाची कामं करीन, मुलगी शाळेत असेल तेवढा वेळ. या खेपेला बैठक बोलावली नाही. मागच्या खोलीतल्या जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांना हलवून खिडकीपाशी जागा केली. भावाकडून पाय आणले. एक स्क्रू हरवला होता, आणि त्या मापाचा आपल्या बाजारात मिळेना. सुताराने थोडं भोक वाढवून इथला स्क्रू बसवला, त्यामुळे एक पाय जरासा डुगडुगतो. खाली पुठ्ठ्याची घडी लावली आहे.

निधीच्या नियमांत ‘वस्तूंची वाहतूक’ घालावी असा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. विरोध होईल. निधीत किती पैसे असतात ते मलाही माहीत आहे, आणि रात्री अकरा वाजता दारात उभ्या असलेल्या बाईचं रिक्षाभाडं आधी, हे मलाही मान्य आहे. नोंदणीच्या अर्जात मात्र मी ठरावाची वाट न पाहता एक रकाना हाताने आखून घेतला आहे. दागिन्यांच्या खाली, ‘घरातली तुमची म्हणून कोणती वस्तू?’ गेल्या महिन्यात एकीने तिथे शिलाई मशीन लिहिलं. एकीने लिहिलं, खिडकीतली तुळस. एकीने बराच वेळ विचार करून रकाना कोरा सोडला, आणि मी तो तसाच ठेवला.