एक सिंड्रेला, पाच नावं

परीक्षा दोन दिवसांवर आली की हॉस्टेलवर अभ्यास सोडून बाकी सगळ्या विषयांवर चर्चा रंगते. अशाच एका रात्री विषय निघाला चक्क सिंड्रेलाचा! निमित्त झालं एका मित्राच्या बहिणीकडून आलेल्या पुस्तकाचं. नाव ‘फाइव्ह ग्लास स्लिपर्स’. रूगलवुड प्रेस नावाच्या एका छोट्या प्रकाशनाने २०१४ साली काढलेलं. त्यांनी स्पर्धा जाहीर केली होती: सिंड्रेलाची गोष्ट घ्या आणि आपल्या पद्धतीने नव्याने सांगा. आलेल्या कथांतून पाच निवडल्या आणि एकाच कव्हरमध्ये बांधल्या. पाच लेखिका, पाच सिंड्रेला! पुढे त्यांनी असेच आणखी तीन संग्रह काढले. २०१५ला ‘ब्यूटी अँड द बीस्ट’चा, २०१६ला झोपलेल्या राजकन्येचा आणि २०१८ला हिमगौरीचा.

माझा रूमपार्टनर म्हणाला, “पाच जणींनी मिळून एकच गोष्ट लिहिली? आपण चौघांनी एकच असाइनमेंट लिहिली तर सर चौघांनाही वर्गाबाहेर काढतात!”

सगळे हसले. मीही हसलो. पण नंतर डोक्यात किडा वळवळायला लागला. ही खरंच कॉपी आहे का? आणि लेखकांनी असा ग्रुप करून पुस्तकं काढणं, एकमेकांची जाहिरात करणं बरोबर की चूक? आमच्यातल्या साहित्यप्रेमी मंडळींचं मत ठाम होतं. लेखन ही एकट्याने करायची गोष्ट. ग्रुप करून लिहायला ते काय प्रोजेक्ट आहे? आणि एकमेकांची वाहवा म्हणजे उंटाच्या लग्नात गाढवाने गाणं म्हणायचं, मग उंटाने गाण्याचं कौतुक करायचं आणि गाढवाने रूपाचं!

माझं मत याच्या उलट आहे. फक्त त्याला दोन अटी आहेत. पण आधी हा प्रकार चालतो कसा ते पाहू.

२००७ साली किंडल आलं आणि प्रकाशकाशिवाय पुस्तक काढणं शक्य झालं. पण पुस्तक काढणं सोपं झालं म्हणून विकणं सोपं झालं असं नाही. लाखो पुस्तकांच्या गर्दीत नव्या लेखकाला विचारतो कोण? मग आठ-दहा लेखक एकत्र येतात. प्रत्येकाने एकेक परीकथा वाटून घ्यायची. मालिकेला एकच नाव, कव्हरची धाटणी एकसारखी. पुस्तकं एकाच दिवशी किंवा ठरावीक अंतराने काढायची. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बाकीच्यांची यादी. प्रत्येकाने आपापल्या वाचकांना इतरांच्या पुस्तकांबद्दल कळवायचं. समजा, प्रत्येकाचे पाचशे वाचक आहेत. दहा जण एकत्र आले की प्रत्येकाचं नाव पाच हजार जणांपर्यंत जातं. साधं गणित आहे, इंटिग्रेशनसुद्धा लागत नाही! आणि परीकथाच का, तर सिंड्रेला म्हटलं की अर्धी जाहिरात आपोआप झालेली असते. वाचकाला गोष्ट माहीत असते, उत्सुकता एवढीच की या बाईने तिचं काय केलंय.

आता कॉपीचा मुद्दा. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. ग्रिम बंधूंना जाऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली. हिमगौरीची गोष्ट कुणीही घ्यावी, मोडावी, पुन्हा जोडावी. मात्र डिस्नेच्या १९३७च्या सिनेमातले बुटके तसेच्या तसे उचलता येत नाहीत. ग्रिमच्या कथेत बुटक्यांना नावंच नाहीत! कॉम्प्युटरवाल्यांना हे लगेच कळेल. मूळ सोर्स कोड खुला आहे, त्यावर एखाद्या कंपनीने बांधलेलं सॉफ्टवेअर तिचं आहे. लिनक्सवर हजारो जण काम करतात, त्याला आपण कॉपी म्हणत नाही. मग परीकथेवर दहा जणांनी काम केलं तर नाक का मुरडायचं?

आणि हे काही आजचं फॅड नाही. १६९६ साली फ्रान्समध्ये कॅथरीन बर्नार नावाच्या लेखिकेने डोक्यावर तुरा असलेल्या कुरूप रिकेची गोष्ट छापली. पुढच्याच वर्षी शार्ल पेरोने त्याच रिकेची गोष्ट आपल्या पद्धतीने, वेगळा शेवट करून छापली. सिंड्रेलाची काचेची चप्पल ज्या पुस्तकातून जगभर गेली, त्याच पुस्तकात! त्या काळी पॅरिसमधल्या बायका दिवाणखान्यात जमून एकमेकींना परीकथा रचून ऐकवत. म्हणजे ‘एकच गोष्ट, अनेक लेखक’ हा या कथांचा जन्मापासूनचा स्वभाव आहे.

आता ग्रिम बंधूंचंच घ्या. याकोब आणि विल्हेल्म. १८१२च्या डिसेंबरात पहिला भाग निघाला, ८६ कथांचा. १८१५ला दुसरा, ७० कथांचा. पण पुस्तक कसलं, तर विद्वानांसाठी लिहिलेलं! चित्र एकही नाही, टिपा मात्र भरपूर. मुलांसाठी हे योग्य नाही अशी टीकाही झाली. मग १८२३ला लंडनमध्ये एडगर टेलरने निवडक कथांचं इंग्रजी भाषांतर काढलं, जॉर्ज क्रुइकशँकच्या चित्रांसकट. ते चाललं! ते पाहून ग्रिम बंधूंनी १८२५ला ५० कथांची छोटी, स्वस्त आवृत्ती काढली. चित्रं काढली त्यांच्याच धाकट्या भावाने, लुडविग एमिलने. आणि बाजारात आणली नाताळच्या तोंडावर. निवडक माल, कमी किंमत, आकर्षक चित्रं, सणाचा मुहूर्त आणि घरचीच टीम. याला मार्केटिंग नाही तर काय म्हणायचं? विल्हेल्म तर १८५७च्या सातव्या आवृत्तीपर्यंत कथांवर हात फिरवत राहिला. १८१२च्या पुस्तकात हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई होती. १८१९च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ समजतो, तेही नव्याने सांगितलेलंच.

तेव्हा एकत्र येणं चूक नाही, जाहिरात करणं तर मुळीच नाही. मग माझ्या अटी कुठल्या?

पहिली अट नावाची.

ग्रिम बंधू जंगलात फिरून खेडुतांकडून कथा गोळा करत, असं आपण समजतो. प्रत्यक्षात बऱ्याच कथा त्यांना ओळखीच्या, शिकलेल्या घरांतल्या मुलींनी सांगितल्या. कासेल गावात शेजारी राहणारी औषधवाल्याची मुलगी डॉर्टशेन विल्ड त्यातलीच, जी पुढे विल्हेल्मची बायको झाली. हासेनप्फ्लुग घराण्यातल्या बहिणीही होत्या. पण पुस्तकात त्यांची नावं नाहीत. टिपांमध्ये फक्त ‘हेसेनमधून’ असा प्रदेशाचा उल्लेख. परिणाम काय झाला? हस्तलिखित नोंदींतल्या ‘मारी’ला विल्डांच्या घरातली म्हातारी नोकर मारी समजण्यात आलं. कित्येक दशकं श्रेय तिच्या नावावर होतं. १९७०च्या दशकात हाइन्झ रोलेके या संशोधकाने दाखवून दिलं की ती मारी म्हणजे तरुण मारी हासेनप्फ्लुग. दीडशे वर्षांनंतर दुरुस्ती! एक ओळ वेळेवर लिहिली असती तर हा घोळच झाला नसता.

याउलट डोरोथेआ फीमान. कासेलजवळच्या गावची शिंप्याची बायको, शहरात भाजी विकायला यायची. तिने चाळीसेक कथा सांगितल्या. पुन्हा विचारलं तर तीच गोष्ट सावकाश, शब्द न बदलता सांगायची म्हणे. ग्रिमनी १८१५च्या प्रस्तावनेत तिचं नाव घेतलं आणि १८१९च्या आवृत्तीत तिचं चित्रच छापलं. तिला ते पाहायला मिळालं नाही, ती १८१५लाच गेली होती. पण आज तिचं नाव आपल्याला माहीत आहे ते त्या पानांमुळे.

आपल्याकडचं उदाहरण तर फारच जवळचं आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांची मुलगी मेरी हिने १८६८ला लंडनमध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक छापलं. १८६५-६६च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर असताना तिला या कथा सांगितल्या तिच्या आयाने, अ‍ॅना लिबेराता डिसूझाने. अ‍ॅनाचे पूर्वज लिंगायत, आजोबा गोव्याच्या बाजूला स्थायिक होऊन ख्रिस्ती झालेले. कथा तिने आपल्या आजीकडून ऐकलेल्या. पुस्तकावर नाव कुणाचं? एम. फ्रियर. पण मेरीने एक चांगली गोष्ट केली. अ‍ॅनाची स्वतःची हकिगत तिच्याच बोलण्यात पुस्तकात छापली. म्हणून तिचं नाव, तिची आजी, तिचे कष्ट आज आपल्याला वाचता येतात. मुखपृष्ठावर मात्र ती पोचली नाही.

इथे मला आमचा स्वतःचा प्रोजेक्ट आठवला आणि हसू पळालं. रिपोर्टवर आमची चार नावं सोनेरी अक्षरात. ऋणनिर्देशात प्राचार्य, विभागप्रमुख, गाइड, आईवडील, झालंच तर देवसुद्धा! पण ओरलच्या आदल्या संध्याकाळी सर्किट चालेना, तेव्हा सात वाजेपर्यंत लॅब उघडी ठेवून “अरे, ग्राउंड कुठंय तुमचं?” म्हणत सोल्डर उघडून पुन्हा मारून देणारे लॅबमधले काका? त्यांचं नाव चौघांपैकी एकालाही सुचलं नाही. ओरलला आम्ही ‘वुई डिझाइन्ड’ म्हणत छाती काढून उभे! अ‍ॅनाला निदान हकिगत तरी मिळाली. काकांना आम्ही एक ओळही दिली नाही.

ग्रुपने केलेल्या कामाचा धोका हाच आहे. कव्हरवरच्या नावांची गर्दी झाली की कव्हराबाहेरचं नाव सहज निसटतं. म्हणून आज जे लेखक मिळून परीकथा काढतात त्यांनी कथा कुठून घेतली, कुणी सांगितली, कुणी भाषांतर केली हे पुस्तकातच लिहावं. अर्धं पान लागतं फक्त.

दुसरी अट वाहवाची. आपल्या साथीदाराचं पुस्तक आपल्या वाचकाला सुचवायचं, तर ते आधी वाचा. न वाचता ‘अप्रतिम’ म्हणणं म्हणजे एक्सपेरिमेंट न करता जर्नलमध्ये रीडिंग भरणं. आपल्याला त्याची सवय आहे, म्हणून ते बरोबर होत नाही! दहा जणांच्या मालिकेत दोन कच्ची पुस्तकं असली तरी ती बाकीच्या आठांच्या आड खपून जातात. पण वाचक एकदा फसला की पुढच्या वेळी दहाही जणांकडे पाठ फिरवतो. म्हणून अशा कामात ‘नाही’ म्हणणारा कुणीतरी लागतो. एलन डॅटलो आणि टेरी विंडलिंग या दोन संपादिकांनी १९९३ ते २००० या काळात नव्याने सांगितलेल्या परीकथांचे सहा संग्रह काढले. वेगवेगळ्या लेखकांच्या कथा, पण निवड या दोघींची. संपादक म्हणजे आपला एक्स्टर्नलच समजा. तो असला की ग्रुपचं काम सुधारतं, नसला की ‘मी तुला छान म्हणतो, तू मला म्हण’ सुरू होतं. उंट-गाढवाचा आरोप करणाऱ्यांचं एवढं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

या दोन अटी पाळल्या तर एकत्र या, खुशाल या, आणि ढोल वाजवून विका!

आणि आपणही का करू नये? चिऊ-काऊची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आमच्याकडे शेवटी काऊला गरम तव्याचा चटका बसतो. माझ्या रूमपार्टनरच्या आजीने मात्र काऊला आत घेऊन शेकोटीपाशी बसवलं होतं. त्या रात्री यावरून आमचं एवढं भांडण झालं की मॅथ्सचं एक युनिट राहिलं! विदर्भातली, कोकणातली, खानदेशातली, बेळगावकडची मुलं एकाच मजल्यावर राहतात. प्रत्येकाच्या घरी काऊचं वेगळंच काहीतरी झालेलं असणार. पुढच्या अंकासाठी दहा जणांनी दहा चिऊ-काऊ लिहून द्यायच्या. प्रत्येक कथेखाली लिहिणाऱ्याचं नाव आणि त्याच्या शेजारी, त्याच टायपात, सांगणाऱ्या आजीचं, आईचं, शेजारच्या काकूचं नाव आणि गावाचं नाव. घाई एवढ्याचसाठी की लिहिणारे आपण अजून बरीच वर्षं आहोत, सांगणाऱ्या नाहीत. माझी आजी तीन वर्षांपूर्वी गेली. तव्याचा चटका मला आठवतो, पण त्याआधी काऊ दारात उभा राहून नेमकं काय म्हणायचा ते आता कुणाला विचारू?

त्या परीक्षेनंतर मी प्रोजेक्ट रिपोर्टची आमच्याकडची कॉपी काढली आणि ऋणनिर्देशाच्या पानावर पेनने एक ओळ वाढवली. काकांना दाखवली. “आता कशाला रे?” म्हणाले आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली. डिपार्टमेंटच्या लायब्ररीत ठेवलेल्या कॉपीत मात्र ती ओळ नाही. यंदा ज्यांचे रिपोर्ट बाइंडिंगला जायचे आहेत, त्यांनी त्याआधी ते पान एकदा उघडून बघावं.