हसू नका, कंबर मोजा!



मागच्या ग्रामसभेत आमच्या महिला बचत गट संघाने घरोघरच्या तपासणीसाठी वजनकाटा आणि मोजपट्टी मागितली, तर सभेत हशा पिकला. "जाडी हा शहरातला आजार, कष्टकऱ्याला कसली चरबी?" म्हणून विषयच गुंडाळला. हसणाऱ्यांत बीपीची गोळी खाणारेही होते, याचा आम्हाला जास्त संताप आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी काय सांगते ते ऐका. २०१५-१६ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात १५ ते ४९ वयाच्या शंभरांतल्या १५ बायकांचे वजन प्रमाणाबाहेर होते. २०१९-२१ मध्ये त्या जवळपास २० झाल्या. तेवढ्याच काळात शहरातला आकडा ३१ वरून ३३ वर गेला. शहर आजही पुढे आहे, पण वाढ आपल्याकडे जोरात आहे. २०१९-२१ मध्ये असे ग्रामीण पुरुषही शंभरांत १९ होते.

कष्ट राहिलेत कुठे? नांगरट ट्रॅक्टरने, मळणी यंत्राने, बांधापर्यंत मोटारसायकल. खुरपणी तेवढी बायकांच्या वाट्याला उरली. ताटातली ज्वारी-बाजरी आटली, पामतेल आणि फरसाण वाढले. पोर रडले की हातात पाच रुपयांची पुडी! आई-बापांनो, हा लाड नव्हे. "खात्यापित्या घरचे लक्षण" म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यात आम्ही वेळ घालवणार नाही. कुपोषणाचे निमित्तही सांगू नका. एकाच घरात आई जाड आणि मूल खुजे, असेही दिसते.

आता कामाचे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने आशाताईंकडून कंबर मोजून घ्यावी. बाईची ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर गेली, की उपकेंद्रात जाऊन बीपी-साखर तपासायचीच. शाळेच्या आवारात आणि पन्नास मीटरच्या आत तेलकट, गोड, खारट पाकिटे विकायला २०२० च्या केंद्रीय नियमांनीच मनाई आहे. दुकानदारांनी ती मुकाट्याने हलवावीत. घरात महिन्याला किती तेल, किती साखर लागते ते लिहून ठेवा. हळदी-कुंकवाला, वाढदिवसाला फरसाणाऐवजी शेंगा, फुटाणे, फळे द्या. पुरुषांनी शेतावर पायी जावे, त्यात कमीपणा नाही.

गावातली बाटली आडवी केली ती याच संघाने. तेव्हाही हीच मंडळी हसली होती.

येत्या ग्रामसभेला घरटी एक बाई आणि एक पुरुष आलाच पाहिजे. काटा आणि मोजपट्टीचा ठराव मंजूर झाल्याशिवाय कोणीही उठू नये.