पासिंग झालेली मोटार

परवा आमचे मेहुणे बीडला जुनी मोटार पाहावयास गेले. शेपूट म्हणून मीही गेलो. बहिणीला उपचारांसाठी दर आठवड्याला अंबाजोगाईस न्यावे लागते. वाटेत बसणारी गाडी नको होती.

“साहेब, पासिंग झालीय!” मालकाने कागद पुढे केला.

वाचकहो, भाड्याच्या गाडीची तपासणी आठ वर्षांनंतर दरवर्षी होते. खाजगी मोटारीची मात्र एकदम पंधरा वर्षांनी, मग दर पाचांनी! ही सोळा वर्षांची, शिक्का वर्षापूर्वीचा. एकच परीक्षा, तीही ब्रेक, दिवे नि धुराची. मॅट्रिकच्या दाखल्यावरून आम्ही तरी कुणाची आजची प्रकृती ओळखतो?

“मिस्तरीला बोलवू या,” मेहुणे म्हणाले.

“आज मिळायचा नाही हो!”

“हरकत नाही, उद्या येतो.”

मालक कागदाची घडी घालू लागला.