तारखेचे भक्त आणि मापाचे वैरी

जुन्या इंग्रजी तीन-गिअरच्या सायकली शोधून, दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्यांमध्ये दोन पंथ आहेत. पहिला अस्सलवाद्यांचा. १९५८ सालच्या सायकलीला १९५८ सालचेच हब हवे, त्याच सालचे पेडल हवे, त्याच छापाची सीट हवी, नाहीतर ती सायकल बाटली असे मानणारा. दुसरा सुधारकांचा. जुनी फ्रेम ही केवळ एक देखणी खुंटी, तिच्यावर आज बाजारात मिळेल ते टांगावे आणि बसत नसेल तर ठोकून बसवावे असे मानणारा. हे दोन पंथ एकमेकांना पाण्यात पाहतात. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे आहे की त्यांचे भांडण वरवरचे असून दोघांचा दोष एकच आहे. समोरच्या वस्तूचे माप घेण्याआधीच दोघांनी तिच्याविषयी निकाल दिलेला असतो. या घाईची किंमत सायकली मोजतात. एका पंथापायी धडधाकट सायकली सुट्या करून विकल्या जातात, तर दुसऱ्यापायी फ्रेमचे आटे कायमचे मरतात.

साहित्यचर्चेच्या जागी सायकलीचे पुराण कशाला, असे कोणी विचारील. 'मूळ' म्हणजे काय, आणि ते जपायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न पोथ्यांच्या अभ्यासकांना जितका जुना आहे तितकाच तो पाना हाती धरणाऱ्यालाही आहे. फरक इतकाच की पोथीत चुकीचा पाठ घातला तर पोथी मोडून पडत नाही.

आधी यंत्राविषयी. इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथे, रॅले कंपनीचे फ्रँक बाउडन यांच्या पुढाकाराने, १९०२ साली स्टर्मी-आर्चर कंपनीची स्थापना झाली. तिचे सर्वांत प्रसिद्ध हब म्हणजे १९३६ साली आलेले 'एडब्ल्यू'. त्याच्या पोटात एक्सेलवर पक्के बसवलेले २० दात्यांचे सूर्यचक्र, त्याभोवती प्रत्येकी २० दात्यांची चार ग्रहचक्रे आणि त्यांना वेढणारे ६० दात्यांचे कडे असते. दुसऱ्या गिअरमध्ये मागचे चाक चेनच्या चक्राबरोबर सरळ फिरते. तिसऱ्यात एक-तृतीयांशाने जलद आणि पहिल्यात एक-चतुर्थांशाने सावकाश. सारे काही बंद डब्यात, तेलात. म्हणूनच साठ-सत्तर वर्षे अडगळीत पडलेले हब उघडून, रॉकेलने धुऊन, तेल घातल्यावर पुन्हा चालू लागते. १९३६ नंतर अनेक दशके या हबची रचना मुळात तीच राहिली. काही तपशील जरूर बदलले. उदाहरणार्थ, चेनचे चक्र पूर्वी आट्यांवर बसे, ते पुढे तीन खाचांवर बसून कड्याने अडकू लागले. पण आतले बहुतेक भाग एका दशकाच्या हबमधून काढून दुसऱ्या दशकाच्या हबमध्ये घालता येतात. दुरुस्ती करणाऱ्याला याहून मोठे वरदान कोणते?

पण याच हबच्या कवचावर कारखान्यात वर्षाचा, आणि बऱ्याच काळात महिन्याचाही, आकडा ठोकलेला असे. अस्सलवाद्यांचे सारे कर्मकांड या आकड्याभोवती उभे आहे. वास्तविक ती तारीख हबची आहे, सायकलीची नव्हे. हब आधी बनत, पडून राहत आणि मग कधीतरी चाकात ओवले जात. शिवाय सायकलीचे चाक ही बदलण्याचीच वस्तू आहे. १९५८ सालच्या फ्रेममध्ये १९६४ सालचे चाक दिसते तेव्हा त्याचा अर्थ बहुधा साधा असतो. कोणीतरी ती सायकल वापरली, रिम वाकली आणि गावातल्या दुकानदाराने दुसरे चाक बसवून दिले. ते चाक म्हणजे त्या सायकलीच्या आयुष्यातली एक खरी घटना आहे. ते फेकून तिथे मुद्दाम शोधून आणलेले १९५८ सालचे हब बसवणारा इतिहास जपत नसतो. तो इतिहासाचे एक पान फाडून जागी स्वतः लिहिलेले पान चिकटवत असतो, आणि त्याला 'मूळ प्रत' म्हणत असतो.

अस्सलपणाचा हा हट्ट किती पोकळ आहे हे हबचा स्वतःचा इतिहासच सांगतो. हबवर नावे स्टर्मी आणि आर्चर यांची. परंतु ज्या रचनेतून कंपनीचे पहिले तीन-गिअरचे हब निघाले, ती प्रामुख्याने विल्यम रायली या अभियंत्याची होती. आधीच्या दोन-गिअरच्या हबच्या वेळी केलेल्या कराराने त्याचे हात बांधलेले असल्यामुळे नव्या रचनेचे पेटंट त्याचा सहकारी जेम्स आर्चर याच्या नावाने निघाले. म्हणजे ज्या शिक्क्याची आपण आरती करतो, त्या शिक्क्यात मुळातच कर्त्याचे नाव नाही.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने 'एसडब्ल्यू' नावाचे, कमी भागांचे आणि हलके हब काढले. ते गिअरमधून निसटू लागले, तक्रारी झाल्या आणि काही वर्षांतच ते मागे घेण्यात आले. त्या काळातल्या शहाण्या दुकानदारांनी ते काढून एडब्ल्यू बसवले. आज तारखेचे भक्त काय करतात? चांगले चालणारे एडब्ल्यू काढून, निसटणारे एसडब्ल्यू दाम मोजून आणतात आणि पुन्हा बसवतात; कारण कॅटलॉगात तसे लिहिले आहे! दुकानदाराची सुधारणा ही विटाळ आणि कारखान्याची चूक ही श्रुती, असा हा न्याय आहे.

हे हबवरच थांबले असते तर हसून सोडून देता आले असते. पण तारखेच्या मागणीने बाजार तयार केला आहे. शंभर सुटे भाग विकून जे मिळते ते अखंड सायकल विकून मिळत नाही, म्हणून चालत्या सायकली सुट्या केल्या जातात: हब एकाला, ट्रिगर दुसऱ्याला, चेनकेस तिसऱ्याला, आणि उरलेली फ्रेम भंगारात. एक सायकल 'शुद्ध' व्हावी म्हणून दुसऱ्या दोन मारल्या जातात. हा साठा वाढणारा नाही. रॅलेच्या मालकांनी २००० साली स्टर्मी-आर्चर विकले, लगोलग ते दिवाळ्यात गेले आणि त्याची यंत्रसामग्री व नाव तैवानच्या सनरेस कंपनीने घेतले. २००२ साली नॉटिंगहॅममधले रॅलेचे सायकल-उत्पादनही संपले. कारखान्याच्या जुन्या आवाराच्या एका भागावर आज नॉटिंगहॅम विद्यापीठाचे ज्युबिली संकुल उभे आहे. तिथून आता १९५८ सालचे काहीही येणार नाही.

आता सुधारकांकडे वळू. त्यांचे पाप वेगळे आहे, पण लहान नाही. रॅलेने आपल्या सायकलींना स्वतःचेच आटे ठेवले होते. क्रँकचा एक्सेल ज्या वाट्यांत फिरतो, त्या वाट्यांना इंग्रजी प्रमाणानुसार इंचाला २४ आटे असतात. रॅलेच्या वाट्यांना २६. दोहोंचा व्यास जवळजवळ सारखा. त्यामुळे २४ आट्यांची वाटी रॅलेच्या फ्रेममध्ये एक-दीड फेरा सहज जाते आणि मग अडते. ज्याने माप घेतले आहे तो इथे थांबतो. सुधारक लांब दांड्याचा पाना आणतो. वाटी आत जाते खरी, पण जाताना फ्रेमचे मूळ आटे कापत जाते, आणि त्या फ्रेममध्ये पुढे कोणतीच वाटी धड बसत नाही. हीच कथा चिमट्याच्या वरच्या आट्यांची. तिथेही रॅलेचे २६ आणि इतरांचे २४.

चाकांची तऱ्हाही तीच. टायरवर '२६ इंच' लिहिले म्हणून तो २६ इंची रिमवर बसत नाही. रॅलेच्या नेहमीच्या २६ × १⅜ टायरचा बैठकीचा व्यास ५९० मिलिमीटर. अमेरिकेतल्या श्विन कंपनीच्या, नेमके तेच २६ × १⅜ हे आकडे मिरवणाऱ्या टायरचा ५९७. आणि माउंटन बाइकच्या २६ इंची टायरचा ५५९. सात मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण टायर चढवताना अंगठ्यांना कळतो. जुन्या इंग्रजी चाकांत पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात, इतरत्र बहुधा दोन्हीकडे ३६. क्रँकची कॉटर पिन रॅलेला साडेनऊ मिलिमीटरची लागते, युरोपातल्या बऱ्याच सायकलींना नऊची. नऊची पिन साडेनऊच्या भोकात जाते, घट्ट झाल्यासारखीही वाटते, आणि काही मैलांवर क्रँक हलू लागतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. या २६ आट्यांमध्ये काही दैवी गुण नव्हता. स्वतःचे माप ठेवल्यावर सुटा भाग घ्यायला गिऱ्हाईक आपल्याकडेच येते, हा त्याचा व्यवहारातला परिणाम होता. रॅलेने १९३२ साली हंबर, १९४३ साली रज, १९५७ साली बीएसएचा सायकल-विभाग आपल्यात ओढला. १९६० साली ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सशी एकीकरण होऊन फिलिप्स आणि हर्क्युलस हेही त्याच छपराखाली आले. परिणामी डोक्यावरचा बिल्ला फिलिप्सचा आणि पोटातले आटे रॅलेचे, असा प्रकार सर्रास आढळतो. बिल्ला वाचून भाग मागवणारा अस्सलवादी आणि काहीच न वाचता ठोकणारा सुधारक, दोघेही इथे सारखेच फसतात. आटे मोजायची दातेरी पट्टी मात्र फसत नाही.

मराठी वाचकाला या गोष्टीत एक जवळचा धागा सापडेल. रॅलेचा दांड्याच्या ब्रेकचा उंच रोडस्टर २८ × १½ टायरवर चालतो. त्याचा बैठकीचा व्यास ६३५ मिलिमीटर. आपल्याकडे दूधवाल्यांपासून शाळामास्तरांपर्यंत सर्वांनी हाकलेल्या काळ्या सायकलीचे मापही तेच. आसनसोलला सेन-रॅलेच्या कारखान्यात रॅलेच्या नावाने सायकली बनत. मद्रासला टीआय सायकल्स हर्क्युलस आणि फिलिप्स बनवीत असे. आपली काळी सायकल चोरटी नक्कल नव्हे, ती त्याच घराण्याची शाखा आहे. इंग्लंड-अमेरिकेतले जुने रोडस्टर आज चालतात ते मोठ्या प्रमाणात भारतीय टायरांवर, आणि त्यांच्यासाठी ब्रेकची रबरे व कॉटर पिनाही भारतातून जातात. अस्सलवादी या मालाला नाक मुरडतो आणि गुपचूप तोच वापरतो. या मालाची आंधळी तरफदारी करण्याचेही कारण नाही. आपल्याकडच्या पुष्कळ कॉटर पिना मऊ लोखंडाच्या असतात. त्या हातोडीने ठोकल्या तर मुडपतात. त्यांचा उतार कानशीने जुळवून घ्यावा, दाबयंत्राने बसवाव्यात आणि थोड्या प्रवासानंतर पुन्हा आवळाव्यात. भाग कुठून आला हा प्रश्न दुय्यम. तो मापाचा आहे का आणि भार सोसतो का, हे प्रश्न पहिले.

अस्सलवाद्यांचा एक आक्षेप मात्र गंभीर आहे. ते म्हणतील, सायकल हा दस्तऐवज आहे. त्यात हात घालू नका. मान्य. पहिल्या महायुद्धापूर्वीचे एखादे दुर्मिळ हब, किंवा हात न लागलेली, मूळ रंगाची सायकल सापडली तर ती जशीच्या तशी ठेवावी. तिच्यावर नवा रंग चढवणे हा गुन्हाच. पण एडब्ल्यू हब लाखोंनी बनले. रोज कामावर जाण्यासाठी विकलेली सायकल ही एकुलती एक पोथी नव्हे. आणि पोथीचीच उपमा घ्यायची तर ती पुरती घ्यावी. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो अनेक प्रती ताडून. एक प्रत पुरी व्हावी म्हणून दुसऱ्या प्रतीची पाने फाडणारा संपादक त्या परंपरेत बसत नाही. पाठभेद नोंदवायचे असतात, मारायचे नसतात.

सुधारकांचा आक्षेपही ऐकून घ्यावा. पोलादी रिम पावसात ओली झाली की ब्रेक नावापुरता उरतो. शहराच्या रहदारीत अशी सायकल चालवणे जिवावरचे आहे. अगदी खरे. म्हणून ५९० मापाची ॲल्युमिनियमची रिम घ्यावी, ४० भोकांची मिळाली तर जुनेच हब तिच्यात ओवावे, आणि काढलेली रिम टांगून ठेवावी. एडब्ल्यूच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक पोकळी आहे; तार सैल असली तर पेडल अचानक रिकामे फिरते आणि स्वार पुढे आपटतो. तैवानमध्ये बनलेल्या पुढच्या हबांत ही पोकळी काढून टाकली आहे. भीती वाटत असेल त्याने खुशाल ते अख्खे हब बसवावे. पण आधी दुसऱ्या गिअरमध्ये उजव्या नटाच्या खिडकीतून पाहावे. साखळीच्या सळईचा काठ एक्सेलच्या टोकाशी समपातळीत आणला की बहुतेक वेळा तक्रार मिटते. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

तेव्हा मागणी सोपी आहे. परत फिरवता येईल तो बदल करावा. आटे कापणारा, भोक पाडणारा, फ्रेम ताणणारा बदल करू नये. काढलेला भाग चिठ्ठी बांधून ठेवावा. अखंड सायकल सुटी करू नये; ज्यांची फ्रेम आधीच मोडली आहे अशाच सायकलींचे भाग घ्यावेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या एका सायकल-दुकानात काम करणाऱ्या शेल्डन ब्राउन (१९४४-२००८) यांनी आटे, व्यास आणि पिना यांची कोष्टके करून सर्वांसाठी खुली ठेवली. त्या रूक्ष कोष्टकांनी जितक्या सायकली वाचवल्या तितक्या कुठल्याही रंगीत कॅटलॉगने वाचवल्या नसतील. ती आजही वाचायला मिळतात.

आणि विकणाऱ्यांना एक विनंती. भागाखाली 'अस्सल, दुर्मिळ' असे लिहिण्याऐवजी व्यास किती आणि इंचाला आटे किती, एवढे दोन आकडे लिहा. घेणाऱ्याला त्याहून अधिक काही लागत नाही, आणि ज्याला लागते त्याच्या हाती सायकल सुरक्षित नाही.